‘अपसूर्य’ आला, पण कानटोपी नको: एक खुलासा

जून सरला की आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर तो मेसेज हमखास येतो: ‘उद्या पहाटेपासून ॲफेलियन! पृथ्वी सूर्यापासून 9 कोटींऐवजी 15 कोटी 20 लाख किलोमीटरवर जाणार. थंडी वाढेल, सर्दी-खोकला होईल, काळजी घ्या.’ खाली हात जोडलेले. यंदा मावशीने तर काकांची मफलरसुद्धा बाहेर काढली.

ॲफेलियन, म्हणजेच अपसूर्य, ही पृथ्वी सूर्यापासून सर्वांत लांब असते ती स्थिती. मेसेजमधलं 15 कोटी 20 लाख बरोबर आहे. गडबड आहे ती 9 कोटींत. सूर्यापासून आपलं सरासरी अंतरच सुमारे 15 कोटी किलोमीटर. शुक्र आहे जवळपास 10 कोटी 80 लाखांवर. म्हणजे या मेसेजप्रमाणे आपण एरवी शुक्राच्याही आत राहतो! तिथे मफलर सोडा, अंगावर कातडीही नकोशी झाली असती.

पृथ्वीची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार आहे. त्यामुळे जानेवारीच्या सुरुवातीला आपण सूर्याच्या सर्वांत जवळ, 14 कोटी 71 लाखांवर असतो आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत लांब. फरक जेमतेम 3 टक्के, आणि तोही सहा महिन्यांत हळूहळू पडतो. पहाटे गजर लावून नव्हे.

आता गंमत बघा. सूर्य सगळ्यात जवळ असतो तेव्हाच निफाडचे द्राक्षबागायतदार थंडीपासून द्राक्षं वाचवायला बागेत शेकोट्या पेटवतात. कारण ऋतू ठरतात ते पृथ्वीच्या साडेतेवीस अंशांच्या कलण्यावरून.

जुलैत गारवा वाटतो तो ढग आणि पावसामुळे. आणि काकांना सर्दी झालीच, तर ती विषाणूची कृपा. मफलर मात्र परत कपाटात गेलेली नाही.