नवीन बटण बसवूनही काच वर का जात नाही?

नमस्कार.

गाडीच्या पॉवर विंडोच्या, म्हणजे मोटरने चालणाऱ्या काचेच्या, बटणावर मी लेख लिहिला होता. त्यावरची तुमची प्रतिक्रिया खोचक आहे, पण तिच्यातला एक मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. बाकीच्या वाचकांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात देतो : ‘काचेच्या बटणावर एवढं प्रवचन कशाला? पुण्यात नाना पेठेत नवीन बटण मिळतं, दहा मिनिटांत बसतं. तुमचं वाचून मीटर लावला, मोटरच्या कपलरवर १२ व्होल्ट आले, म्हणजे तुमच्या मते बटण चांगलं. तरी मागची डावी काच खाली येते, वर जात नाही. दोन्ही बटणांच्या फटीतून स्प्रे मारला, तीन आठवडे चाललं, परत बंद. शेवटी मागच्या दाराचं बटणच नवीन आणून बसवलं, तरी तेच रडगाणं. लोकांचा वेळ घालवू नका.’

१२ व्होल्टच्या बाबतीत चूक लेखाची आहे. कपलर, म्हणजे तारांचा प्लग, मोटरपासून सुटा करून मीटर लावला, की मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. त्यामुळे बटणातल्या कार्बन धरलेल्या पॉइंटमधूनही (जिथे धातूला धातू टेकून करंट पुढे जातो ती जागा) तो खुशाल १२ दाखवतो. मोटरला मात्र काच वर न्यायला साधारण ५-६ अँपिअर लागतात, आणि काच वर जाऊन टेकली की क्षणभर त्याच्या तिप्पट-चौपट. पॉइंटवर नुसता अर्ध्या ओहमचा अडथळा असला तरी ६ अँपिअरला ३ व्होल्ट तिथेच जिरतात आणि हरभऱ्याच्या डाळीएवढ्या जागेत १८ वॉट उष्णता तयार होते. घरगुती सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॉटची असते. बटणाचं प्लास्टिक आतून का मऊ पडतं, ते यावरून समजेल.

म्हणून मोजायचं ते मोटर जोडलेली असताना आणि बटण दाबून धरलेलं असताना. बटणाचा कपलर काढू नका, त्याच्या पाठीमागून तारेलगत टाचणी सरकवा आणि मीटरची टोकं त्या टाचण्यांना लावा. बटणाच्या आत येणारी प्लसची पिन आणि मोटरकडे जाणारी पिन यांच्यामध्ये ०.२-०.३ व्होल्ट दिसले तर ठीक, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की पॉइंट जळलाय. मीटरवर विश्वास नसेल तर इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब होल्डरसकट घ्या आणि मोटरच्या जागी जोडा. तो पावणेदोन अँपिअर ओढतो. लख्ख पेटला नाही, तर १२ व्होल्टचा आकडा नुसता दाखवण्यापुरता होता. फक्त एक सावधगिरी. ज्या गाड्यांत बटणातून नुसता सिग्नल जातो आणि मोटरवरच इलेक्ट्रॉनिक्स बसवलेलं असतं, तिथे हा बल्ब लावू नका. ओळख सोपी आहे : मोटरला दोनपेक्षा जास्त तारा आणि बटणाकडे जाणाऱ्या तारा अगदी बारीक. पुढचं सगळं दोन जाड तारांच्या साध्या मोटरबद्दल आहे.

आता तुमच्या नव्या बटणाबद्दल. ते बसवून फरक पडला नाही, याचं कारण बटण बोगस निघालं असं नाही. बिघाड बहुधा त्या दारात नव्हताच.

या मोटरला कायमची अर्थिंग, म्हणजे गाडीच्या बॉडीशी (बॅटरीच्या मायनसशी) जोडणी, नसते. तिच्या दोन्ही तारा बटणात जातात. सोयीसाठी एक निळी, एक तांबडी म्हणू (रंग गाडीगणिक बदलतात). बटण मोकळं असताना दोन्ही तारा अर्थला टेकलेल्या असतात. वरचं बटण दाबलं की निळी अर्थवरून उचलली जाऊन प्लसला लागते, तांबडी मात्र जागची हलत नाही आणि तिच्यातूनच करंट परत जातो. खाली आणताना उलट. म्हणजे काच वर जायला ‘वर’चा पॉइंट जितका चांगला हवा, तितकाच ‘खाली’च्या बाजूचा न दाबलेला पॉइंटही चांगला हवा. हे नीट लक्षात न घेतल्यामुळे बरीच बटणं विनाकारण बदलली जातात.

त्यात मागच्या दाराची गंमत अशी, की तिथल्या बटणाला स्वतःची अर्थिंगच नसते. निळी आणि तांबडी दोन्ही त्या बटणातून पुढे ड्रायव्हरच्या मास्टर स्विचपर्यंत (त्याच्या दारावरची सगळ्या काचांच्या बटणांची पट्टी) जातात आणि अर्थ होतात तिथे. तुम्ही मागे बसून बटण दाबलं तरी करंट परत जातो ड्रायव्हरच्या हाताखालच्या बटणातून. तिथे तांबड्या तारेचा पॉइंट काळा पडला असेल, तर मागे सोन्याचं बटण बसवलंत तरी काच वर जाणार नाही.

तुम्ही लिहिलंय की काच खाली येते, पण कुठल्या बटणाने ते लिहिलेलं नाही, आणि सगळा निकाल त्यावरच आहे. मास्टरवरूनही खाली येत असेल, तर मास्टरपासून मागच्या दारापर्यंत तांबडी तार शाबूत आहे, कारण खाली आणताना प्लस तिच्यातूनच जातो. मग उरतो मास्टरमधला तिचा अर्थचा पॉइंट. मास्टरवरून खाली येत नसेल आणि फक्त मागच्या बटणाने येत असेल, तर तांबडी तार मध्येच तुटलीय. ती तुटते ठरलेल्या जागी : दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीत, जिथे दार उघडताना तार रोज दुमडते. बटण वर दाबून धरा आणि दुसऱ्याला दार हळूहळू उघडझाप करायला सांगा. काच मध्येच झटका मारून हलली, तर नळी सोडवून आत बघा. बाहेरचं आवरण बहुतेक वेळा धड असतं, आतलं तांबं तुटलेलं असतं, म्हणून तार चिमटीत धरून ताणून पाहायची. जोडताना नुसता पीळ देऊन टेप मारू नका. सोल्डर, वर हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी), आणि जोड नळीच्या बाहेर येईल असा.

आणखी एक खूण. वरचं बटण दाबून धरा आणि मोटरच्या दोन्ही तारा एकेक करून बॉडीच्या अर्थशी मोजा. निळीवर १२ आणि तांबडीवरही १२ च्या आसपास दिसले तर घाबरू नका, मोटर उलटी जोडलेली नाही. परतीची वाट बंद असल्यामुळे प्लस मोटरमधून पलीकडे येऊन नुसता उभा आहे. निळीवर शून्य आलं तर दोष ‘वर’च्या पॉइंटचा. तुमची मोटर तर बहुधा चांगलीच आहे, कारण ती खाली आणते आणि दोन्ही दिशांना तारा त्याच असतात.

स्प्रे तीन आठवडे चालला, यावरून मला मास्टरवरच संशय आहे. फटीतून मारलेल्या स्प्रेने काजळी विरघळते, पण तिला बाहेर जायला वाट नसते. ती धूळ आणि जुन्या ग्रीसबरोबर पुन्हा पॉइंटवरच बसते. त्यात गंजलेला नट सोडवायचा स्प्रे असेल तर तो मागे तेलाचा थर ठेवून जातो आणि ठिणगी पडली की त्याचाच कार्बन होतो. सिलिकॉनचा तर मुळीच नको. ठिणगीच्या उष्णतेने सिलिकॉनची सिलिका होते, म्हणजे पॉइंटवर बारीक रेतीचा थर, आणि त्यातून करंट जात नाही.

मास्टर उघडायचा तो असा. इग्निशन बंद, १० च्या पान्याने बॅटरीची मायनस तार सुटी, दारात एअरबॅग असेल तर चार-पाच मिनिटं थांबा. बऱ्याच गाड्यांत बटणाची पट्टी आर्मरेस्टमधून एका कडेने वर उचलून निघते, सगळा दाराचा पॅड काढावा लागत नाही. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर घालू नका, जुन्या एटीएम कार्डाला टेप गुंडाळून ते वापरा. कपलरची जीभ दाबून तो ओढा, तारा धरून ओढलात की दुसरं काम वाढतं. नंतर बटणाचा फोटो काढा आणि ते परातीत पांढऱ्या कापडावर उघडा. वरच्या टोप्या निघाल्या की खाली स्प्रिंगवरचे खिळ्यासारखे दट्टे असतात. त्यातला एक उडून सीटखाली गेला की संध्याकाळ गेली. दट्ट्याखाली सी-सॉसारखी डुलणारी पितळेची पट्टी, तिच्या दोन्ही टोकांना चांदीचा ठिपका, आणि समोर तसेच ठिपके. जळलेल्या जोडीत एका ठिपक्यावर बारीक खड्डा आणि समोरच्यावर उंचवटा दिसतो, कारण डीसी करंटच्या ठिणगीत धातू एकाच दिशेने सरकतो.

आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापूस, मग त्यातच भिजवलेल्या जाड कागदाची पट्टी दोन ठिपक्यांमधून ओढायची. कागद काळा यायचा थांबेपर्यंत, साधारण आठ-दहा वेळा. काजळी हटत नसेल तर घासायचं काचतंतूंचं (फायबरग्लासचं) पेन तापकीर गल्लीत मिळतं, ते हलक्या हाताने फिरवा. पॉलिश पेपर लावू नका, चांदीचा थर इतका पातळ असतो की चार घाशांत तांबं दिसायला लागतं. आधीच लालसर तांबं दिसत असेल तर साफसफाई सोडा, मास्टर बदला. तिथे तुमचंच म्हणणं खरं. ग्रीस लावायचं ते प्लास्टिकच्या बिजागरीला, आगपेटीच्या काडीच्या टोकावर मावेल इतकंच, पॉइंटला नाही. आत सर्किट बोर्ड असेल तर कपलरच्या पिनांभोवतीच्या सोल्डरला केसाएवढी गोल भेग पडलीय का ते भिंगातून बघा. असेल तर नवं सोल्डर टाकून पुन्हा वितळवा.

मास्टर स्विच आर्मरेस्टवर आडवा असतो, त्यामुळे जे सांडतं ते आत जातं. पावसात पहारेकऱ्याशी बोलायला काच खाली घेतली की पाणी, आणि अमृततुल्यसमोर गाडीतच घेतलेला चहा. चहा सांडलेला असेल तर आधी अल्कोहोल लावू नका, साखर त्यात विरघळत नाही. कोमट डिस्टिल्ड वॉटर, मग अल्कोहोल, मग रात्रभर पंख्याखाली वाळवा.

आणि स्विच जळला कशाने हे पाहिल्याशिवाय नवीन लावू नका. बहुतेक वेळा काच जड चाललेली असते. चौकटीच्या रबरी खाचेत पुण्याची धूळ आणि पावसाचं पाणी मिळून चिखल साचतो, मोटर जास्त करंट ओढते आणि बटण सोडताना ठिणगी मोठी पडते. दोन मागच्या काचांना वर जायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर बघा. तीन-चारच्या जागी एकीला सात-आठ लागत असतील तर खाच साफ करायला हवी. काच खाली घ्या, स्टीलच्या पट्टीला ओलं फडकं गुंडाळून खाचेत खालपर्यंत फिरवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. वाळू द्या, मग सिलिकॉन स्प्रे. हो, वर नको म्हटलेला तोच. रबराला तो चांगला, फक्त मारताना बटण जागेवर बसवलेलं आणि झाकलेलं असू द्या. इंजिन ऑइल किंवा ग्रीस नको, रबर फुगतं आणि धूळ चिकटते. काच पूर्ण वर गेल्यावरही बटण दाबून धरायची सवय असेल तर तीही सोडा, पॉइंट सगळ्यात जास्त तेव्हाच भाजतो.

विकत घ्यायची वेळ आलीच तर जुना मास्टर हातात घेऊन नाना पेठेत जा. नुसतं मॉडेलचं नाव सांगून चालत नाही. मागच्या बाजूचा पार्ट नंबर, पिनांची संख्या आणि ड्रायव्हरच्या काचेला ऑटो (एकदाच दाबलं की काच आपोआप पूर्ण जाते ती सोय) आहे की नाही, हे तिन्ही जुळायला हवं. बिनऑटोचं बटण ऑटोच्या खाचेत घट्ट बसतं आणि मग ड्रायव्हरची काच बिघडते, म्हणजे आणखी एक प्रतिक्रिया.

बॅटरीची तार परत जोडल्यावर ऑटोची काच अर्धवट थांबायला लागली तर बिघडलं काही नाही. बऱ्याच गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच धरलं की ती पुन्हा शिकते. नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तकात असते.

लेखातलं १२ व्होल्टचं वाक्य आजच बदलतो. तुम्ही एवढं कळवा : मास्टरवरून ती काच खाली येते का, आणि वरचं बटण दाबलेलं असताना दोन्ही तारांवर किती व्होल्ट आले. गाडीचं मॉडेल आणि सालही लिहा.