मोगऱ्याचा चहा आणि आपला कडकपणाचा हट्ट

चहा चांगला झाला आहे की नाही, हे सांगायला आमच्या बेळगावात एकच शब्द पुरतो आणि तो म्हणजे 'कडक'. कडक असेल तर चहा, नसेल तर फुळकवणी. मधली पायरी नाही. खडेबाजारात उभ्याउभ्या 'बाय टू' सांगणारे दोघे असोत (एक चहा दोन पेल्यांत वाटून घेण्याची ही कर्नाटकी सोय पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना दर वेळी समजावून द्यावी लागते), की लग्नाच्या बोलणीसाठी आलेल्या मंडळींपुढे ट्रे घेऊन येणारी वहिनी असो, अपेक्षा तीच. म्हैसूरकडे जी प्रतिष्ठा कॉफीला आहे ती आपल्याकडे चहाला आहे. इथले कन्नड शेजारीसुद्धा 'टी' न म्हणता 'चहा'च म्हणतात. तरीही ज्या पेयावाचून आपला दिवस उजाडत नाही, त्याच्या चवीविषयी बोलायला आपल्याजवळ एका विशेषणापलीकडे काही नसावे, याचे मला गेली काही वर्षे नवल वाटत आले आहे.

लिहिण्याचे निमित्त असे घडले की गेल्या महिन्यात घरी आलेल्या मावसभावाने माझ्या कपात डोकावून विचारले, "काय पिऊलायस हे? गवताचं पाणी?" कपात मोगऱ्याच्या वासाचा चहा होता. त्यालाही एक कप दिला. एक घोट घेऊन तो म्हणाला, "वास बरा आहे, पण ह्यात चहा कुठं आहे?" त्याने हे थट्टेने विचारले असले तरी प्रश्न खरा आहे, आणि त्याचे उत्तर त्याच्यासाठी आणि माझ्या तऱ्हेतऱ्हेच्या चहांना 'चोचले' म्हणणाऱ्या इतर आप्तेष्टांसाठी जरा सविस्तर द्यावेसे वाटते. माझे म्हणणे एवढेच आहे की चहाला सुगंध देणे हा परक्यांचा शौक नाही, ते आपण पिढ्यान्पिढ्या करत आलो आहोत. फक्त कडकपणाच्या एकाच मापाने सगळे चहा मोजल्यामुळे आपल्याला आपल्याच चहाची चवही नीटशी कळलेली नाही.

आधी माझ्याच घरचा अपराध सांगतो. माझे एक चुलत काका, आमचे तात्या, मराठा लाइट इन्फंट्रीत होते. उत्तर बंगालमधली नेमणूक संपवून परतताना त्यांनी दार्जिलिंगच्या चहाचा एक पुडा आणला होता. ज्या चहाला २००४-०५ मध्ये भारतातले पहिले भौगोलिक मानांकन मिळाले तोच हा चहा, पण ते त्या वेळी आम्हाला कुठले ठाऊक असणार? आक्काने, म्हणजे माझ्या आत्याने, नेहमीप्रमाणे आधण ठेवले, पत्ती टाकली, पाच मिनिटे खळखळून उकळले आणि वर म्हशीचे दूध ओतले. रंग सुटेना. आणखी दोन चमचे पत्ती पडली, मग आले पडले, मग साखर वाढली. शेवटी जे पेय तयार झाले ते तुरट, करडे आणि कोणालाच न आवडणारे होते. "एवढ्या लांबून आणलं, पण पत्तीत दम नाही," असा निकाल लागला आणि पुडा पंधरा दिवसांत कसाबसा संपवला गेला. तात्या काही बोलले नाहीत. त्यांनी तिकडे तो चहा कसा प्यायला होता हे आम्ही त्यांना विचारलेच नाही, ही खंत मला आजही आहे.

दोष पत्तीचा नव्हता. दार्जिलिंगची मार्च-एप्रिलमधली पहिली तोड कोवळ्या पानांची असते. ती अख्खी वळलेली पाने गरम पाण्यात तीन-चार मिनिटे ठेवून, पाणी सोनेरी झाले की गाळून, दुधाशिवाय प्यायची असतात. आपण रोज वापरतो ती दाणेदार चहापूड वेगळ्या जातकुळीची असते. 'क्रश, टेअर, कर्ल' या तीन क्रियांवरून नाव पडलेली सीटीसी पद्धत १९३० च्या दशकात आसामात पुढे आली. त्यात दातेरी रुळांमध्ये पान चिरडून, फाडून, गोळी करून टाकतात. वांगे चिरून ठेवले की काळे पडते, तसाच काहीसा प्रकार पानाच्या रसाचा हवेशी संबंध आल्यावर होतो. पान जितके बारीक फाटेल तितका तो वेगाने होतो आणि उकळताना रंगही तितक्याच झपाट्याने उतरतो. दुधातले प्रथिन चहाच्या तुरटपणाला बांधून घेते, त्यामुळे म्हशीच्या दाट दुधापुढे टिकायला असाच दणकट चहा लागतो. म्हणजे आपला कडक चहा शहाणपणानेच तयार झालेला आहे, आणि सकाळी उठल्याबरोबर मलाही तोच लागतो. मात्र तो मापदंड घेऊन दार्जिलिंगकडे जाणे म्हणजे आंबेमोहोराला हातसडीच्या भाताच्या चवीने नापास करण्यासारखे आहे.

आता सुगंधाकडे येतो. खानापूर तालुक्यातल्या आमच्या आजोळी परसात, न्हाणीघराचे सांडपाणी जाते त्या कडेला, गवती चहाचे ठोंब होते. जून लागला, जांबोटी-कणकुंबीकडून पाऊस आडवा येऊ लागला की रोज सकाळी दोन पाती तोडून, त्यांची गाठ मारून आधणात टाकली जाई. त्या पातीत चहा म्हणून काहीच नसते. तिचा लिंबासारखा वास ज्या द्रव्यामुळे येतो तेच द्रव्य लिंबाच्या सालीतही असते. कन्नडमध्ये तिला 'मज्जिगे हुल्लू', म्हणजे ताकाचे गवत, म्हणतात, आणि ताकाच्या फोडणीतली ती पात चाखल्यावर मला ते नाव आपल्या नावापेक्षा प्रामाणिक वाटू लागले आहे. मुद्दा असा की गवती चहा घातलेला चहा हा शंभर टक्के 'फ्लेवर्ड टी' आहे, तसाच आल्याचा, वेलदोड्याचा आणि सुंठीचाही. मग अर्ल ग्रे नावाच्या चहाला इटलीत पिकणाऱ्या बर्गमॉट नावाच्या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचे तेल लावतात, हे ऐकून नाक मुरडण्याचे कारण काय? तत्त्व गवती चहाचेच आहे. (त्यात दूध मात्र घालू नये असे माझे मत आहे, घालणारे पुष्कळ आहेत, त्यांना तो लखलाभ असो.)

मोगऱ्याचे प्रकरण याहून रंजक आहे. 'जास्मिन टी' हे नाव वाचून आपण जाई-जुईची कल्पना करतो, पण चीनमध्ये या चहासाठी मुख्यतः वापरले जाणारे फूल म्हणजे आपला मोगराच आहे. तिथे दिवसा कळ्या खुडतात, रात्री त्या उमलू लागल्या की हिरव्या चहाच्या थरांमध्ये पसरतात, चहाचे पान तो वास शोषून घेते, सकाळी फुले काढून टाकतात आणि उत्तम प्रतीच्या चहासाठी हेच अनेक रात्री नव्या फुलांनी करतात. हे वाचले तेव्हा मला उन्हाळ्यातला आमचा माठ आठवला. त्यात मोगऱ्याची चार फुले टाकण्याची रीत अजून आमच्या घरी आहे. तेव्हा एप्रिलमध्ये बाजारातून गजऱ्याच्या नव्हे, तर सुट्या कळ्या आणल्या, साध्या हिरव्या चहाच्या पुड्यातली पाने स्टीलच्या डब्यात थराथराने पसरली आणि झाकण घट्ट लावून दोन दिवस विसरून गेलो. डबा उघडला तेव्हा भिजट, कोंदट वास आला. फुलांतले पाणी पानांनी ओढून घेतले होते. चहा तयार करणारे दर फेरीनंतर पाने पुन्हा सुकवतात, हे वाक्य मी वाचताना ओलांडून गेलो होतो.

दुसऱ्या खेपेस संध्याकाळी उशिरा कळ्या घातल्या, पहाटे उठून एकूण एक फूल वेचून काढले आणि पाने तव्यावर, तवा नुसता कोमट असताना, हलक्या हाताने परतून कोरडी केली. असे तीन रात्री केले. चिनी कारागिरांच्या चहाशी त्याची तुलना करण्याचा प्रश्नच नाही, पण कपातून जो वास आला तो अत्तराचा नव्हता, फुलाचा होता. बाजारात 'जास्मिन', 'स्ट्रॉबेरी', 'पान मसाला' अशा नावांनी मिळणाऱ्या अनेक पिशव्यांतला वास डोक्यात चढतो आणि घोट घेतला की तोंडात काहीच उरत नाही, कारण तिथे पानाला वास मुरवलेला नसून वरून फवारलेला असतो. माझा आक्षेप असेल तर तो याच चहांवर आहे. चौकातल्या काही गाड्यांवर 'मसाला चहा' म्हणून इसेन्सचे थेंब टाकलेला चहा मिळतो, तोही याच पंक्तीतला.

धुराची गोष्ट तर आपल्याला विचार करायला लावणारी आहे. आजोळी चुलीवरच्या चहाला ओल्या लाकडाचा धूर लागला की आजी ओशाळून म्हणायची, "आज धुरकटला रे, बाळा." चीनच्या फुजियान प्रांतातल्या वुयी डोंगरात लापसांग सूचोंग नावाचा चहा पाइनच्या लाकडाच्या धुरावर मुद्दाम सुकवतात आणि लोक तो नाव घेऊन मागतात. पहिल्यांदा तो प्यायलो तेव्हा मला चीन आठवले नाही, आजोळची ओली भिंत आठवली. तो रोज पिण्याचा चहा नव्हे. महिन्यातून एकदा पुरे.

गुळाच्या चहाबद्दल मात्र मला थोडे वाकडे बोलायचे आहे. अलीकडे बेळगावपासून निपाणीपर्यंत रस्तोरस्ती गुळाच्या चहाच्या पाट्या लागल्या आहेत आणि हे चांगलेच झाले. आमच्या आजोळी साखर पाहुण्यांसाठी असे आणि घरच्यांना गूळ. परंतु चिकोडी-संकेश्वर भागात दिवाळीनंतर गुऱ्हाळे पेटल्यावर निघणाऱ्या, भेंडीच्या चिकाने मळी काढलेल्या, गडद तांबूस गुळाला स्वतःची चव असते, किंचित खारट, किंचित काकवीची. ती चव तीन चमचे डस्ट आणि वरून मसाला घालून बुडवून टाकायची असेल तर गूळ घालायचाच कशाला? दूध फाटण्याची भीती असते म्हणून लोक रसायन घालून पिवळाधमक केलेला गूळ वापरतात असे मी अनेकदा पाहिले आहे. त्यावर साधा उपाय आहे: गूळ चहाच्या पाण्यात उकळून घ्यावा, दूध वेगळे तापवावे आणि दोन्ही आचेवरून उतरवून एकत्र करावे. त्याहून उत्तम म्हणजे दूधच नको. गुळाचा कोरा चहा, थोडी पत्ती, एक गवती चहाची पात. पावसाळी संध्याकाळी याच्यापुढे मला काश्मिरी काहवाही फिका वाटतो, आणि केशर-बदामाचा तो काहवा मला मनापासून आवडतो हे लक्षात घ्यावे.

शिरसीकडून आलेल्या आमच्या शेजारीणबाई सर्दी झाली की 'कषाय' पाठवतात: धने, जिरे, मिरी भाजून केलेली पूड, गूळ आणि दूध. गंमत अशी की संस्कृतात कषाय म्हणजे तुरट रस, आणि त्यांच्या कषायात तुरटपणा अजिबात नसतो. तो असतो आपल्या चहात. सहा रसांपैकी एका रसाला स्वतंत्र नाव असलेल्या भाषेत आपण राहतो, पण चहा पिताना तो रस ओळखत नाही, त्याला साखरेने गप्प करतो. कोऱ्या चहाचा दुसरा घोट घेतल्यावर जिभेच्या कडा आणि हिरड्या जराशा आक्रसतात, तो हा तुरटपणा. तो बेताचा असला तर त्याच्यामागून एक गोडसर चव येते. ग्रीन टी लोकांना कडू लागतो त्याचे कारणही बहुधा हेच, की तो खळखळत्या पाण्यात घातला जातो. सत्तर-ऐंशी अंश पुरतात. थर्मामीटर नसेल तर उकळलेले पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात ओतून मग पत्तीवर घालावे. शिवाय तो आपल्याला वजन उतरवण्याचे औषध म्हणून विकला गेला, आणि औषधाची चव कोण घेत बसतो?

पाण्याचा विचार आपण करतच नाही. आमच्या शहापूरच्या घरात विहीर आहे. जांभ्या दगडातले ते पाणी हलके आहे. तीच पत्ती अथणीला नातेवाइकांकडे बोअरच्या पाण्यात केली तर चहा गढूळ दिसतो, वर पातळ तवंग धरतो आणि चव बसकी लागते. पत्ती बदलण्याआधी एकदा पाणी बदलून पाहावे.

आणखी एक गोष्ट, जी वाचून आक्का फार खूश झाली. लहानपणी बशीतला चहा भुरका मारून प्यायल्याबद्दल आम्ही धपाटे खाल्ले आहेत. चहाची पारख करण्याचा ज्यांचा व्यवसाय आहे, ते लोक चमच्यातला चहा याहून मोठ्या आवाजात भुरकतात, कारण हवेबरोबर ओढलेला चहा तोंडभर उडतो आणि त्याचा वास घशामागून नाकात चढतो. तुलनेसाठी चहा करण्याचे त्यांचे मापही ठरलेले आहे: शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम पत्ती आणि सहा मिनिटे. पिण्यासाठी मला ते जरा जहाल वाटते, पण दोन चहा शेजारी ठेवून पारखायचे असतील तर दोघांना सारखा न्याय मिळतो. म्हणजे महागडा चहा पन्नास ग्रॅम आणला तरी पंचवीस वेळा चाखता येतो, आणि 'बाय टू' केला तर पन्नास जणांना.

घरी केलेला मोगऱ्याचा चहा मावसभाऊ येऊन गेल्यावर थोडासाच उरला होता. पान वास ओढून घेते ही ज्या चहाची सगळी करामत, तो डबा मी फडताळात हिंगाच्या डबीशेजारी, झाकण अर्धवट लावून, आठ दिवस ठेवला. टाकवेना म्हणून शेवटच्या पत्तीपर्यंत प्यायलो. आक्का त्याला फोडणीचा चहा म्हणते.