'वीज ओरबाडली' एवढ्यावर ग्रिड कोसळत नाही

स्पष्टवक्ता महोदय,

२०१२ साली ग्रिड, म्हणजे राज्याराज्यांना जोडणारं विजेचं जाळं, कोसळलं त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "उत्तरेकडच्या राज्यांनी वीज ओरबाडली, ग्रिड पडलं, विषय संपला. बाकी सगळा तांत्रिक धुरळा, दोषींना पाठीशी घालण्यासाठी." सोबत वेळेची एक चूक दाखवलीत आणि मोफत वीज, खासगीकरण, मतांचं राजकारण यांवर बरंच काही.

वेळेचं मान्य. ३० जुलैला उत्तर ग्रिड 'पहाटे तीनला' गेलं असं मी लिहिलं होतं. ते गेलं २ वाजून ३३ मिनिटांनी. दुरुस्त केलं आहे, आभार.

पण 'पाठीशी घालण्यासाठी' हे मला लागलं. माझं म्हणणं खोडून काढा, हेतूवर कशाला जाता? समोर बसून बोललो असतो तर हा शब्द तुम्ही वापरला असता का?

उत्तरेकडे ठरल्यापेक्षा जादा विजेची उचल झाली हे लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात आहे. चौकशी समितीनेही ते नोंदवलं. पण त्याच मुद्द्यात समितीने पश्चिम विभागालाही धरलंय, ठरल्यापेक्षा कमी उचल आणि जास्तीची निर्मिती म्हणून. म्हणजे तिकडून ओढ होती तसा इकडून रेटाही होता, आणि तो आवरायच्या सूचनांना राज्यांच्या भार प्रेषण केंद्रांकडून (कुणी किती वीज घ्यायची-द्यायची हे सांभाळणाऱ्या नियंत्रण कक्षांकडून) पुरेसा प्रतिसाद मिळाला नाही. हे तुम्ही वाचलंत, की फक्त 'उत्तरेकडची राज्ये' एवढंच दिसलं?

आणि हा सगळा भार जात कुठून होता? पश्चिम आणि उत्तर या दोन विभागांना जोडणाऱ्या बऱ्याच लाइन बंद. बीना–ग्वाल्हेर–आग्रा या ४०० केव्ही (किलोव्होल्ट) लाइनच्या दोन सर्किटांपैकी, म्हणजे तारांच्या दोन स्वतंत्र संचांपैकी, एक कामासाठी काढलेलं. ३० जुलैला उरलेलं सर्किट ट्रिप झालं, म्हणजे आपोआप बंद पडलं, तेव्हा त्यावर फॉल्ट, म्हणजे बिघाड, नव्हता. भार चढला, व्होल्टेज उतरलं की डिस्टन्स रिलेच्या (फॉल्ट किती लांब आहे ते ओळखून लाइन तोडणाऱ्या यंत्राच्या) तिसऱ्या झोनला, म्हणजे सर्वांत लांबच्या टप्प्याला, तो भारच दूरचा फॉल्ट वाटतो. त्या वेळी फ्रीक्वेन्सी, जी ५० हर्ट्झच्या आसपास हवी आणि तुटवडा पडला की उतरते, ४९.६८ हर्ट्झ होती. नुसत्या तुटवड्याने ग्रिड पडायचं असतं तर ती आधीच पार खाली गेली असती. दुसऱ्या दिवशी दुपारी एकला फ्रीक्वेन्सी त्याहून बरी, ४९.८४, तरी तीच लाइन, तोच झोन. या वेळी पूर्व आणि ईशान्यही गेले, साठ कोटींहून अधिक लोकांची वीज गेली. पश्चिम आणि दक्षिण ग्रिड टिकली म्हणून आपल्याकडे दिवे राहिले.

याला तुम्ही धुरळा म्हणता. मी एकतीस वर्षं उपकेंद्रांत काढली आहेत. एका एप्रिलच्या संध्याकाळी आमची लाइन अशीच तिसऱ्या झोनवर गेली. लाइनमनला घेऊन मी रात्रभर टॉर्चच्या उजेडात टॉवर न् टॉवर पाहिला. ना तुटलेली तार, ना फुटलेला इन्सुलेटर. लाइन धडधाकट होती, भार जास्त होता. सकाळी गावातली माणसं गेटवर येऊन 'वीज चोरता' म्हणून ओरडत होती. तुमची प्रतिक्रिया वाचताना तेच गेट डोळ्यांसमोर आलं.

मोफत विजेवर तुम्ही लिहिलंय त्यात नवं काही नाही, त्यावर बोलणार नाही. पुन्हा लिहिणार असाल तर एवढंच सांगा: एक सर्किट कामासाठी काढताना दुसऱ्यावरचा भार आधी का उतरवला नाही, आणि तीसला जे घडलं ते एकतीसला पुन्हा का घडू दिलं? त्यावर मी तुमच्याशी कितीही वेळ बोलेन. हेतूवर मात्र नाही.