टॉमकॅट पडला की रॅम वाढवा, हे कुणी सांगितलं?

सोलापुरातल्या आपल्या आयटीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायलाय, तुम्हालाही आला असेल. म्हणे टॉमकॅट (जावाचे वेब ॲप चालवणारा सर्व्हर) सारखा सारखा पडत असेल तर सगळे ॲप एकाच टॉमकॅटमध्ये टाका म्हणजे मेमरी वाचते, थ्रेड (एकेक विनंती हाताळणारे कामकरी) २०० चे १००० करा, हीप (जावाची ऑब्जेक्ट ठेवायची मेमरी) होईल तेवढी वाढवा आणि रोज रात्री २ ला रीस्टार्ट लावून टाका. नवीन पोरं हेच खरं धरून चाललीत म्हणून लिहायलोय.

पहिलं, सगळं एकाच टॉमकॅटमध्ये. मेमरी वाचते हे मान्य. पण कनेक्टरचे (बाहेरून येणाऱ्या विनंत्या घेणारा भाग) थ्रेड सगळ्या ॲपना मिळून असतात, डीफॉल्ट २००. आमच्याकडं अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांची हजेरी, पगार, एका पतसंस्थेचे रिपोर्ट असे १४ ॲप एकाच ठिकाणी होते. पगाराच्या दिवशी संध्याकाळी सगळंच ठप्प. सीपीयू बघितला तर निवांत, हीप अर्धी रिकामी, लॉगमध्ये एक एरर नाही. जेस्टॅक (प्रत्येक थ्रेड कुठं थांबलाय ते दाखवणारी कमांड) मारला आणि स्क्रोल करत गेलो तर खालपर्यंत तीच ती ओळ, थ्रेड डेटाबेस कनेक्शनची वाट बघत उभे, आणि सगळे एकाच रिपोर्टच्या ॲपचे. त्यात एक्सेप्शन आला की कनेक्शन बंदच होत नव्हतं, पूल (डेटाबेसच्या तयार कनेक्शनचा साठा) संपला, वर पूलला किती वेळ थांबायचं ते दिलेलं नव्हतं आणि डीबीसीपीत (पूल सांभाळणारी लायब्ररी) ते दिलं नाही तर थ्रेड कायमचा थांबून राहतो. हजेरीच्या ॲपची काडीची चूक नव्हती, तरी गेटवर पाळी सुटलेले कामगार ताटकळत उभे राहिले. हे मला अजून लागतं.

आता थ्रेड १००० केले असते तर काय झालं असतं? २०० च्या जागी १००० अडकले असते, बास. कनेक्शन तेवढीच, आणि प्रत्येक थ्रेडच्या स्टॅकला (त्याची स्वतःची कामाची मेमरी) १ एमबी राखीव धरा.

हीप वाढवा हे तर सगळ्यात जास्त ऐकतो. अहो, मशीनची रॅम म्हणजे हीप नव्हे. मेटास्पेस (क्लासची माहिती ठेवायची जागा), थ्रेडचे स्टॅक, डायरेक्ट बफर (हीपबाहेर घेतलेली डेटाची जागा) हे सगळं हीपच्या बाहेर असतं, १६ जीबीच्या मशीनवर १५ जीबी हीप दिली तर लिनक्सच एक दिवस जावाची प्रोसेस मारून टाकतो आणि टॉमकॅटच्या लॉगमध्ये त्याचा मागमूस नसतो, डीमेसेज (लिनक्स कर्नलचा लॉग) बघावा लागतो. मेमरीची गळती असेल तर मोठ्या हीपनं पडायचा दिवस पुढं जातो एवढंच, आणि फुल जीसी (सगळ्या हीपची साफसफाई) लागला की सगळे ॲप एकदम थांबतात. ३२ जीबीच्या पुढं गेलात तर कॉम्प्रेस्ड पॉइंटर (मेमरीचे छोटे केलेले पत्ते) बंद होतात, म्हणजे ३३ जीबीत ३१ पेक्षा कमीच मावेल.

रात्रीचा रीस्टार्ट. अडीअडचणीला करा, मीपण करतो, पण आधी दहा-दहा सेकंदांनी तीन जेस्टॅक घ्या. रोजचा लावला की पुरावाच पुसला जातो. बहुतेकदा गळती वॉर फाईल (ॲपचं पॅकेज) चालू टॉमकॅटमध्ये परत परत टाकल्यानं होते, जुना क्लासलोडर (ॲपचे क्लास मेमरीत आणणारा भाग) सुटत नाही, कुठंतरी थ्रेड-लोकल (थ्रेडला चिकटवलेली माहिती) नाहीतर ॲपनं चालू केलेला थ्रेड त्याला धरून बसलेला असतो. टॉमकॅटच्या मॅनेजर पानावर फाइंड लीक्सचं बटण आहे, ते दाबून बघा की. जावा ८ पासून पर्मजेन (क्लासची माहिती ठेवायची जुनी जागा) गेलं आणि मेटास्पेसला डीफॉल्ट मर्यादाच नाही, ती स्वतः घाला.

आम्ही शेवटी १४ ॲपचे ४ टॉमकॅट केले. कॅटलिना होम (टॉमकॅटच्या प्रोग्रॅमचा फोल्डर) एकच, बेस (प्रत्येकाच्या सेटिंग आणि ॲपचा फोल्डर) वेगळे, पोर्ट वेगळे, रिपोर्टवाले सगळे एका बाजूला. प्रत्येकाला २ जीबी हीप, मेटास्पेसला मर्यादा, पूलला ५ सेकंदांची मुदत, आउट ऑफ मेमरी झालं की हीप डंप (हीपची फाईलमधली नक्कल) टाकून प्रोसेस बंद आणि सिस्टमडी (लिनक्समधला सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्रॅम) परत उठवणार. मागच्या पगाराला रिपोर्टवाला परत पडला, पण हजेरी चालू होती आणि सकाळी डंप फाईल हातात होती.