मुलगी नववीत गेली? मग एक संस्था काढा

मुलगी नववीत गेली आणि अजून तिच्या नावावर एकही संस्था नाही? कमाल आहे तुमची. अमेरिकेत शिकायला जायचं तर नुसत्या मार्कांवर भागत नाही. 'कॉमन अ‍ॅप' नावाचा तो अर्ज असतो, त्यात अभ्यासाबाहेरच्या उपक्रमांना दहा जागा असतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला 150 अक्षरं. त्या दहा जागा भरायच्या कशा, हे मी गेल्या शुक्रवारी आमच्या द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत बसून, तिथं आलेल्या अशाच एका कुटुंबाकडून शिकलो. तुम्हालाही सांगतो, फुकट.

संस्थेला नाव संस्कृतच ठेवा. संस्थापक-अध्यक्ष मुलगी, खजिनदार आई, कार्यकर्ते ड्रायव्हरकाका.

शोधनिबंध छापून घ्या. पैसे भरले की छापणारे भरपूर आहेत, आणि मुलीला तो वाचता आलाच पाहिजे अशी काही अट नाही.

खेळाच्या बाबतीत मात्र जपून. तिकडे काही पालकांनी आपल्या पोरांचे चेहरे खेळाडूंच्या फोटोंवर चिकटवले होते. 2019 मध्ये ते उघडकीला आलं आणि रिक सिंगर नावाचा त्यांचा दलाल पुढे तुरुंगात गेला. आपल्याकडे खरीखुरी गरीब पोरं असताना असले खोटे फोटो कशाला हवेत?

तेव्हा एखादं खेडं शोधा, गाडीने दीड-दोन तासांवरचं. शाळेला आधी कळवायची गरज नाही. यू-डायसवर शाळेची माहिती भरणं, बीएलओ म्हणून मतदार याद्यांचं काम आणि निपुणच्या वाचन-गणिताच्या चाचण्या यांतून आम्हा दोघा शिक्षकांना वेळच वेळ असतो. खिचडी वाढायच्या वेळेला पोचा, म्हणजे पोरं आयती रांगेत सापडतात. आमची पोरं पाहुणे आले म्हणून पळत जाऊन बूट घालून आली. तर फोटोग्राफर म्हणाला, "सर, बूट काढायला सांगा ना, साधं दिसू दे." तेही काढले. मग एक टॅब आला. तेवीस पोरांच्या हातांतून तो फिरला, प्रत्येकाचा फोटो झाला आणि टॅब परत पिशवीत गेला. तिसरीतली एक पोरगी अजून रोज विचारते, "सर, तो टॅब सोमवारी येणार ना?" सोमवार होऊन गेला. तिला काय सांगू, की बाई गं, तू उपक्रम क्रमांक चार आहेस?

निघताना मुलीच्या कामाच्या दाखल्याचं पत्र. मजकूर त्यांच्या मोबाइलवर तयारच होता, फक्त शाळेचं लेटरहेड आणि माझी सही हवी होती. अर्जात आठवड्याला किती तास आणि वर्षाला किती आठवडे तेही लिहावं लागतं म्हणे. यांनी लिहिलं होतं चार तास, चाळीस आठवडे. म्हणजे 160 तास! गाडी आमच्या फाटकाशी उभी होती ती अडीच तास, त्यातला पाऊण तास यांच्या जेवणाचा. वर आई म्हणते, "सर, एका सहीनं तुमचं काय जातंय?"

मी सही केली नाही.

आणि आता सरळच विचारतो, लाज कशी वाटत नाही हो? त्या अर्जासोबतच्या 650 शब्दांच्या निबंधात 'त्या निरागस डोळ्यांनी मला जगणं शिकवलं' असं एक वाक्य घालता यावं म्हणून माझ्या पोरांना अनवाणी उन्हात उभं करता? आणि पोटच्या पोरीला सोळाव्या वर्षी खोटा दाखला कसा मिळवायचा ते शिकवता?

पोरगी वाईट नव्हती हो. सगळे फोटोंत गुंतले होते तेव्हा ती पहिलीतल्या एका पोराजवळ फरशीवर बसली होती. त्याला 'ळ' काढता येत नव्हता, ती त्याचा हात धरून गिरवून घेत होती. तिचाही 'ळ' तसा वाकडाच होता, दोघं हसत होती. दहा मिनिटं झाली असतील. तेवढ्यात आईनं हाक मारली, ऊन उतरतंय, ग्रुप फोटो राहिलाय.

तिला यायचं असेल तर येऊ दे. एसटीनं, एकटी, दर शनिवारी. त्या पोराचा 'ळ' अजून राहिलाय. तुम्ही नका येऊ.