धाकटीने जपलेली थोरली

तुमच्या लेखात फ्रेंच अभिनेत्री फ्रान्स्वाज दोर्लेआकची ओळख नुसती ‘अभिनेत्री कॅथरीन दनवची बहीण’ अशी करून दिली आहे, ते वाचून वाईट वाटलं. सुरुवातीला सगळं उलट होतं. नाव झालं होतं ते थोरल्या फ्रान्स्वाजचं, म्हणून तर धाकट्या कॅथरीनने पडद्यासाठी आईचं माहेरचं आडनाव घेतलं.

१९६७ च्या ‘रोशफोरच्या मुली’ या चित्रपटात दोघी जुळ्या बहिणी झाल्यात. लाल टिकल्यांच्या झगमगीत पोशाखात एकत्र नाचतात ते गाणं पुन्हा बघा. मला तर नजर थोरलीवरून काढताच येत नाही! काय ती ऊर्जा, अंगात नुसतं वारं भरल्यासारखी. चित्रपट मार्चमध्ये लागला आणि जूनमध्ये, नीसच्या विमानतळाकडे जाताना गाडी उलटून पेटली. फ्रान्स्वाज गेली. अवघी पंचविशीची होती हो.

दनव कितीतरी वर्षं याबद्दल फारसं बोललीच नाही. अखेर १९९६ मध्ये फ्रेंच कादंबरीकार पात्रिक मोदियानोंबरोबर बहिणीवर पुस्तक केलं, त्याचं नावच ‘तिचं नाव फ्रान्स्वाज होतं’. लेखात या पुस्तकाचा उल्लेखही नसावा? कृपया तेवढी भर घाला. आणि दिग्दर्शक त्रुफोच्या १९६४ च्या चित्रपटातली फ्रान्स्वाजची हवाईसुंदरीही विसरू नका, तिथे ती किती वेगळी, किती संयत दिसते.