फेरिटिन वाढलं म्हणजे लोह साठलंच, असं नाही

"फेरिटिन वाढलं म्हणजे अंगात लोह साठलं. पालक, गूळ, खजूर बंद करा, लोखंडी कढई माळ्यावर टाका, दर तीन महिन्यांनी रक्तदान करा." हा मेसेज नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतोय, आणि चेकअपच्या रिपोर्टात ठळक छापलेला आकडा पाहून घाबरलेली माणसं हे सगळं करतायत.

पहिला दावाच चुकीचा आहे. फेरिटिन लोह साठवणारं प्रथिन आहे हे खरं, पण शरीरात कुठेही दाह झाला की ते वाढतं. संसर्ग, आमवात, फॅटी लिव्हर, मधुमेह, दारू यांपैकी काहीही कारण असू शकतं. डेंगीत तर ते काही दिवसांत हजाराच्या पुढे जाऊ शकतं. लोह खरंच जादा आहे का, हे कळतं ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनवरून, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन किती टक्के लोहाने भरलंय त्यावरून. समजा फेरिटिन 600, सीरम आयर्न (रक्तात फिरणारं लोह) 90 आणि टीआयबीसी (रक्ताची लोह धरून ठेवायची एकूण क्षमता) 320 आहे. 90 भागिले 320, म्हणजे 28 टक्के. 45 टक्क्यांच्या आत असेल तर लोह साचल्याची शक्यता कमी. आधी सीआरपी (दाहाची तपासणी), एसजीपीटी (लिव्हरची तपासणी), साखर आणि लिव्हरची सोनोग्राफी बघायची. नुकताच ताप येऊन गेला असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. सॅच्युरेशन 45च्या वर किंवा फेरिटिन 1000च्या वर राहिलं, तर मात्र रक्तविकारतज्ज्ञांकडे जायलाच हवं.

पालक-गूळ? आपण दिवसाला जेमतेम 1 ते 2 मिलिग्रॅम लोह शोषतो, आणि साठा भरला की निरोगी शरीर तेही कमी करतं. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे. त्यांच्या ताटातून पालेभाजी काढायला सांगणं हा अन्याय आहे.

रक्त काढणं हा हिमोक्रोमॅटोसिसवरचा, म्हणजे शरीर गरजेपेक्षा जास्त लोह शोषून साठवतं त्या आजारावरचा, खरा उपचार आहे, पण तो आनुवंशिक आजार उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत जास्त, आपल्याकडे विरळ. जुनाट आजारात फेरिटिन जास्त आणि हिमोग्लोबिन 9, असंही असतं. तिथे रक्त काढणं घातक.

मेसेजमध्ये थॅलेसेमियाचा, म्हणजे ज्या आनुवंशिक आजारात मुलांना वारंवार रक्त द्यावं लागतं त्याचा, उल्लेखच नाही. रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून 200 ते 250 मिलिग्रॅम लोह शरीरात जातं आणि ते बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. ते हृदयात, लिव्हरमध्ये साचतं. या मुलांना डेफेरासिरॉक्ससारखं लोह काढणारं औषधच लागतं. पथ्याने ते भागत नाही. अशा मुलाच्या आईला हा मेसेज कुणी पाठवला असेल, तर आजच फोन करून सांगा: डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका.